माती पाहून मार्ग आखा: कराड ते सांगली, कृष्णाकाठची ग्रॅव्हल सायकलसफर

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि तिथून सांगलीपर्यंतचे खोरे हळूहळू रुंद, सपाट आणि काळेभोर होत जाते. डांबरी रस्त्याने हे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि सरावाचा सायकलस्वार ते एका सकाळीत कापतो. या लेखातली वाट मात्र डांबरी नाही. कालव्याच्या भरावावरून, उसाच्या फडांमधल्या पाणंदींतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटांतून, मुरमाड उतारांवरून आणि ओढ्यांच्या उतारावरून जाणारी ही दोन दिवसांची सफर आहे. गेली काही वर्षे मी ती तुकड्यातुकड्यांनी आणि सलगही केली आहे, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: या खोऱ्यात मार्ग अंतरावरून किंवा चढावरून आखू नये, मातीवरून आखावा. इतर सगळे निर्णय, म्हणजे महिना कोणता, टायर कोणते, मुक्काम कुठे, हे त्या एका निर्णयाच्या मागून येतात.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वळलेल्या हँडलची, पण रुंद टायरची आणि कच्च्या वाटेवर तासन्‌तास बसता येईल अशा बेताची सायकल. ती नसेल तर साधी हायब्रिड किंवा एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकलही या मार्गाला चालते. वेग थोडा कमी होईल, एवढाच फरक. शर्यतीची अरुंद टायरची सायकल मात्र आणू नये.

आधी जमीन वाचायला शिका

नदीपासून डोंगराकडे आडवे चालत गेलात तर या भागात तीन प्रकारची जमीन लागते. अगदी काठाला मळी, म्हणजे पुराने आणून टाकलेला गाळ. ती वाळली की तिच्यावर मऊ धूळ बसते आणि सायकल छान धावते, पण पूर ओसरल्यावर कित्येक आठवडे ती वरून कोरडी आणि आतून लिबलिबीत असते. त्याच्या वर काळे रान, म्हणजे ऊस, हळद, सोयाबीन आणि द्राक्षांचा मुख्य पट्टा. आणि त्याहून वर, मच्छिंद्रगड आणि सागरेश्वरच्या डोंगरांच्या पायथ्याला, मुरमाड माळ. मुरूम पावसानंतर काही तासांत निथळतो. काळी माती निथळत नाही. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्यामुळे ती पाणी धरून फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. म्हणून पावसाळ्यानंतर तिचा चिखल अडवतो, तर एप्रिल-मे महिन्यांत चाकाच्या दिशेने गेलेली एखादी लांब भेग पुढचे चाक पकडते. दोन्ही वेळी पडण्याची भीती सारखीच.

हे मी दुधोंडीच्या शिवारात शिकलो. ऑक्टोबरअखेरीची सकाळ होती आणि आदल्या संध्याकाळी वळवासारखी एक सर येऊन गेली होती. पाणंद वरून सुकलेली दिसत होती म्हणून मी आत शिरलो. दोनशे पावलांत पुढच्या चाकावर मातीचा थर चढला, मग तो चाक धरणाऱ्या फ्रेमच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये अडकला आणि चाक फिरायचे थांबले. मी पायडलवर उभा राहून जोर लावला, तर मागे काहीतरी वाकल्याचा आवाज आला. चिखलात उसाचे पाचट मिसळले होते आणि ते गिअरच्या यंत्रणेत ओढले गेले होते. शेजारच्या फडातून एक वयस्कर शेतकरी बांधावर आले. “पाव्हणं, आता पाय मारू नका. उचला आन् बांधावर घ्या,” एवढेच म्हणाले. मग त्यांनी विळ्याने उसाचे एक कांडे तोडले, त्याचे टोक चपटे तासले आणि माझ्या हातात दिले. त्या कांड्याने टायर आणि फ्रेम यांच्यामधली माती अक्षरशः खापरीसारखी निघत गेली. तेव्हापासून माझ्या पिशवीत बांबूची एक चपटी पट्टी असते, आणि इतर हत्यारांपेक्षा ती जास्त वेळा बाहेर निघते.

काळ्या रानात शिरण्याआधी एक साधी परीक्षा करावी. वाटेच्या मधली, चाकोरीतली नव्हे, मूठभर माती उचलून दाबावी. ती भुरभुरली तर खुशाल पुढे जावे. तिचा लाडू वळला आणि बोटांवर चकाकी राहिली, तर तिथूनच मागे फिरून वरचा रस्ता धरावा, मग नकाशा काहीही दाखवो. वाळवा आणि पलूस तालुक्यांत आणखी एका जमिनीची ओळख हवी, ती म्हणजे क्षारपड. वर्षानुवर्षे अति पाणी दिल्याने पृष्ठभागावर पांढरी खार फुटलेली दिसते. ती कोरडी आणि टणक वाटते, पण तिच्याखाली ओल कायम असते आणि चाक सरळ खाली जाते. पांढरा पट्टा दिसला की उतरून चालावे.

कधी निघावे

दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी वाटा बसतात, आणि तिथपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सकाळी नदीवर धुके असते, दुपारही सोसवते. याच काळात ऊसतोड जोरात असते, हे मात्र धरून चालावे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पाणंदीची पूर्ण रुंदी व्यापतो, चालकाला मागचे काहीच दिसत नाही आणि वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते. अशा वेळी ओलांडण्याचा विचारच करू नये. सायकल बांधावर घ्यावी आणि जाऊ द्यावे. सांडलेल्या उसावरून, विशेषतः दव पडलेल्या सकाळी, टायर घसरतो, म्हणून त्यावर ब्रेक दाबू नये. संध्याकाळी पाचट जाळतात आणि तो धूर अंधार पडण्याआधीच वाट झाकतो. त्यामुळे चारच्या पुढे काळ्या रानात नसावे, असा माझा नियम आहे.

मार्चपासून ऊन वाढते. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजवलेली हळद अंगणात आणि मोकळ्या जागांत वाळत घातलेली पाहायची असेल, तर पहाटे निघून दहापर्यंत थांबण्याच्या बेताने यावे.

जून ते सप्टेंबर हा मार्ग करू नये. सांगलीत आभाळ स्वच्छ असताना नदी चढू शकते, कारण पाणी येते ते महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाचे आणि धरणांतून सोडलेल्या विसर्गाचे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी धोका पातळीच्याही कितीतरी वर गेली होती आणि या लेखातली काठावरची जवळजवळ प्रत्येक वाट पाण्याखाली होती. परतीच्या पावसातही पुलाजवळचा आकडा बातम्यांत येऊ लागला की काठाची वाट सोडावी.

सायकलची तयारी

टायर किमान ३८ मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि ४० ते ४५ असतील तर उत्तम. त्याचबरोबर टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना बोटभर फट राहायला हवी. रुंद टायरच्या हौसेने ही फट संपवली, तर काळ्या मातीत सायकल दहा मिनिटांत बंद पडते. मधोमध गुळगुळीत आणि कडांना गाठी असलेला टायर इथे पुरतो, कारण खोल नक्षीत माती अडकून बसते.

या भागातला खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. पाणंदीच्या दोन्ही बांधांवर बाभळी असतात आणि त्या छाटल्यावर फांद्या वाटेतच पडून राहतात. साध्या ट्यूबवर एका दिवसात चार-पाच पंक्चर होणे इथे नवलाचे नाही. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत ताजे सीलंट, म्हणजे बारीक छिद्र आतून बुजवणारा द्रव, हा खर्च मी आवश्यक मानतो. सीलंट उन्हाने सुकते, तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी पाहून भर घालावी. तरीही दोन ट्यूब, पॅच, पंप, चेनची जोडकडी आणि गिअरचा एक जादा हँगर जवळ ठेवावा. मागचा गिअर फ्रेमला जोडणारा हा छोटा धातूचा तुकडा प्रत्येक फ्रेमला वेगळा लागतो आणि कराड-सांगलीच्या दुकानांत तुमचाच मिळेल, याची खात्री नसते.

हवा किती भरावी, याबद्दल नवखे लोक हमखास चुकतात. ६५ ते ७० किलो वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप, पंपावर दिसते) सुरुवात करावी, मागच्या चाकात दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर ४० च्या पुढे राहावे, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. कालव्याच्या खडीवर हाताला झिणझिण्या येऊ लागल्या तर दोन पीएसआय कमी करावी.

पाणी तीन लिटर घ्यावे. गावे जवळजवळ आहेत, पण दुपारी एक ते चार बरीच दुकाने बंद असतात.

नकाशा आणि माणसे

घरी बसून उपग्रह नकाशावर मार्ग आखावा, पण तो हिवाळ्यातल्या चित्रावर. उसाच्या उभ्या पिकात पाणंद दिसत नाही आणि तोडणीनंतर प्रत्येक बांध वाटेसारखा दिसतो. दर आठ-दहा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला परत येणारी एक सुटकेची वाट आधीच खूण करून ठेवावी. या मार्गाला एक मोठा आधार आहे: पुणे-मिरज रेल्वेमार्ग नदीच्या डाव्या अंगाने सोबत चालतो आणि शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे अशी स्टेशने ठरावीक अंतराने येतात. दिशा चुकली तरी रूळ सापडतात. रुळांखालचे भुयारी रस्ते मात्र पावसानंतर तुंबलेले असतात, तेव्हा खोली पाहिल्याशिवाय त्यात सायकल घालू नये. स्टेशनवरून परत यायचे असेल तर सायकल सामानात बुक करण्याची चौकशी मोठ्या स्टेशनवर आदल्या दिवशी करावी.

नकाशापेक्षा माणसांना विचारणे जास्त कामाचे, पण विचारायचे कसे, तेही शिकावे लागते. “दादा, ही पाणंद पुढं निघती का?” असे विचारले की उत्तर बहुधा “निघती की” असेच येते, कारण पायी माणसाला ती निघतेच. त्याऐवजी “आज सकाळी हितनं गाडी गेली का?” असे विचारावे. मग खरी माहिती मिळते: “बैलगाडी गेली, पण वड्याला पाणी हाय,” किंवा “काल ट्रॅक्टर रुतलाय, वरनं जावा.” ट्रॅक्टर रुतला असेल तर सायकलीने तिथे जाण्यात अर्थ नाही. बैलगाडी गेली असेल तर तुम्ही जाल.

पहिला दिवस: कराड ते कुंडल

प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तिथून उजाडताना निघावे आणि नदी ओलांडून डाव्या काठाला यावे. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून ब्रिटिश काळातला कृष्णा कालवा निघतो आणि तो शेणोली, ताकारी, कुंडल, पलूस या बाजूला उतरत जातो. पहिल्या दिवसाचा धागा म्हणजे हा कालवा. पाणी स्वतःच्या उताराने वाहावे म्हणून कालवा अगदी मंद ढाळाने काढलेला असतो, त्यामुळे त्याच्या भरावावरची वाट जवळजवळ सपाट राहते आणि पायांना एक संथ लय सापडते. ही वाट सलग मिळेल, असे धरून चालू नये. कुठे ती एका काठाने असते, कुठे दुसऱ्या, कुठे झुडपांनी भरलेली, कुठे शेतकऱ्याने ऊस भरायला अडवलेली. जिथे तुटते तिथे खालची पाणंद न घेता वरचा रस्ता घ्यावा. कालव्याला आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, सुटलेले असेल तर भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला पाझर असतो, म्हणजे तिथे चिखल. भराव ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिच्यावर कालव्याची देखरेख करणाऱ्यांचा पहिला हक्क आहे. फाटक बंद असेल तर उडी मारून जाऊ नये. कडेला चालवताना नजर पाण्यावर ठेवू नये. सायकल नजरेमागे जाते आणि कालव्याच्या आतल्या गुळगुळीत अस्तराच्या उतारावरून पाण्यात पडलेल्या माणसाला वर येणे कठीण जाते.

शेणोलीच्या पुढे डावी-उजवीकडचे सपाट रान मोडून मच्छिंद्रगडाचा डोंगर उभा राहतो. पायथ्याचे येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव. १९४३ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, म्हणजे सशस्त्र दलाने, शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून खजिना ताब्यात घेतला होता. या पाणंदी आणि ओढे पायाखाली असलेल्या माणसांनीच ते केले, हे इथून सायकल चालवताना नीट कळते: पाचशे पावले आत गेले की उसात रस्त्यावरचे काहीच दिसत नाही.

डोंगराच्या पायथ्याने मुरूम लागतो आणि दिवसातला पहिला खरा आनंद इथे आहे. मुरमावर चाक हलके करकरते, वळणावर थोडे सरकते आणि लगेच धरते. ताकारीपर्यंत जमेल तितके या पट्ट्यात राहावे.

ताकारीहून देवराष्ट्र्याकडे चढ सुरू होतो. हा दोन्ही दिवसांतला एकमेव दमवणारा चढ, म्हणून त्याआधी थांबून खाऊन घ्यावे. आजूबाजूला सागरेश्वर अभयारण्याची हद्द आहे. १०.८७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे वेगळेपण असे की उजाड डोंगरावर झाडे लावून, प्राणी आणून ते माणसांनी उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. सांबर, चितळ, काळवीट इथे आहेत. त्यामुळे अभयारण्याच्या आत वनविभाग परवानगी देईल त्याच रस्त्याने जावे आणि कुंपणालगतच्या मोहक दिसणाऱ्या पायवाटांना हात जोडावेत. आपल्याला शंभर वाटा आहेत, त्या प्राण्यांना एवढाच डोंगर आहे.

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. सकाळी समाधीपासून निघालेला माणूस दुपारी जन्मस्थळी पोहोचतो. इथून कुंडलकडे उतरताना खडी सुटी आहे, म्हणून वजन मागे घेऊन, दोन्ही ब्रेक थोडे थोडे आणि आलटून वापरावेत. मुक्काम कुंडल-पलूस परिसरात करावा आणि त्याची सोय आधी फोनवर ठरवावी.

दुसरा दिवस: किर्लोस्करवाडी ते हरिपूर

सकाळी किर्लोस्करवाडीच्या बाजूने जावे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत वसवली. पिकाला नको असलेला हा माळ कारखान्याला चालला, आणि सायकलस्वाराला ती माळाचीच जमीन सर्वांत भरवशाची. पलूसच्या पुढे मात्र ती संपते. द्राक्षबागा सुरू होतात आणि मग थेट काळे रान. बागेत फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावे, तुषारांतून जाऊ नये.

भिलवडीजवळ नदीला भेटावे. या काठाला भुवनेश्वरीचे देऊळ आणि पलीकडे औदुंबरचे दत्तस्थान. घाटावर बसून डबा खायला याहून चांगली जागा मला या मार्गावर माहीत नाही. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लागतात. पावसाळ्यानंतर त्यांत फळ्या बसवून पाणी अडवतात आणि वरून माणसे, दुचाक्या ये-जा करतात. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, अगदी घोट्याइतके जरी, तरी ओलांडू नये. कोरडा असला तरी उतरून, सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरून चालावे, कारण कठडा सगळीकडे असतोच असे नाही.

पुढे ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. येरळा वर्षातला बराच काळ आटलेली असते आणि तिच्या पात्रात वाळू व गोटे असतात. वाळूत शिरण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, हात सैल ठेवावेत, पुढच्या चाकावरचे वजन कमी करावे आणि पायडल थांबवू नये. थांबलात की रुतलात, आणि मग ढकलत जाण्यात कमीपणा नाही. संगमाकडच्या शेवटच्या पाणंदी मळीच्या आहेत. तिथे मुठीची परीक्षा पुन्हा करावी आणि शंका वाटली तर नांद्रेमार्गे डांबरी रस्त्याने सांगली गाठावी.

सांगलीत न थांबता हरिपूरपर्यंत जावे, कारण वारणा-कृष्णेचा संगम तिथे आहे आणि संगमेश्वराच्या देवळापर्यंतची दाट सावली दोन दिवसांच्या उन्हानंतर अंगाला लागते. याच गावाच्या जमिनीत हळदीची पेवे होती. जमिनीखाली खोल खणलेल्या या साठवणीत हळद वर्षानुवर्षे टिकायची, आणि महापुरांत त्यांतली बरीच निकामी झाली. दोन दिवस जिच्यापासून चाक वाचवले, त्या जमिनीनेच इथल्या बाजारपेठेचे धान्य आणि हळद सांभाळली.

ज्यांना इतके लांब जायचे नाही किंवा प्रथमच कच्च्या वाटेवर उतरायचे आहे, त्यांनी याच नदीच्या वरच्या अंगाला, वाईहून मेणवलीमार्गे धोम धरणापर्यंत जाऊन यावे. अंतर थोडे, गर्दी कमी आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा व कृष्णेवरचा घाट.

वाट ज्यांची आहे त्यांच्यासाठी

पाणंद ही शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीतून सोडलेली वाट आहे, आणि तिच्यासाठी भाऊबंदकीची भांडणे कोर्टापर्यंत गेलेली असतात. म्हणून बांधावरून चाक नेऊन बांध फोडू नये, सरीत उतरू नये, वाळत घातलेल्या हळदीवरून किंवा सोयाबीनवरून सायकल कडेनेही नेऊ नये. बैल समोरून येत असतील तर सायकलवरून उतरून स्थिर उभे राहावे. घंटी वाजवू नये, बैल बिचकतो. चार-पाच जणांहून मोठा गट काळ्या रानात आणू नये. ऊस खा म्हणून कोणी आग्रह केला तर एक कांडे घ्यावे आणि चोथा वाटेवर न टाकता बांधाच्या आत टाकावा.

सफर संपल्यावर सायकल लगेच धुण्याची घाई करू नये. ओली काळी माती पाण्याच्या जोराने बेअरिंगांच्या आत जाते. रात्रभर सावलीत उभी करावी, सकाळी ती माती खापरीसारखी सुटते, मऊ ब्रशाने झाडून काढावी, मग ओल्या फडक्याने फ्रेम पुसावी आणि चेनला तेल द्यावे. टायर बोटांनी चाचपून काटे पक्कडीने उपसावेत, आणि काटा उपसताच ते छिद्र खाली येईल असे चाक फिरवून थोडा वेळ ठेवावे, म्हणजे सीलंट तिथे बसते.